मूल काय सांगत आहे? : किशोरवयातील लिंगभाव आणि वडीलधारी मंडळी

रुग्णसंख्या, शिबिरे आणि जमाखर्च यांचा तपशील सादर करण्याबरोबरच आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाची सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवावी, ही प्रथा आम्ही या अहवालात पाळत आलो आहोत. सिकलसेल, सर्पदंश, व्यसनाधीनता अशा विषयांची आमच्या हितचिंतकांना व देणगीदारांना सवय आहे. या वेळचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल, काहींना कदाचित रुचणारही नाही. तरीही तो निवडावा असे आम्हांस ज्या प्रसंगामुळे वाटले, तो प्रथम सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील बदलले आहेत.

आर्वी तालुक्यातील एका खेड्यातून आई-वडील आपल्या नववीतील मुलीला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आले. तक्रार लघवीच्या जळजळीची व तापाची होती. वर्षभरातील ही तिसरी खेप. लघवीची तपासणी व कल्चर झाले, जंतुसंसर्ग निश्चित झाला, औषध देण्यात आले. वारंवार होणाऱ्या संसर्गाचे कारण शोधताना आमच्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "शाळेत पाणी किती पितेस?" उत्तर आले, "पीत नाही." घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाण्याचा घोटही नाही. का, तर मुलींच्या स्वच्छतागृहात जायचे नव्हते आणि मुलांच्या स्वच्छतागृहात जाता येत नव्हते.

त्यानंतर वडील बाहेर जाऊन बसले आणि आई बोलू लागली. "पोरगी पोरावानी राह्यते, मॅडम. केस कापून आली. बोलते बी पोरावानीच. इच्यासाठी सोयरिक कोन आनन?" मूल खाली मान घालून बसले होते. निघताना त्याने डॉक्टरांना "येतो" म्हटले आणि आईने तत्क्षणी दुरुस्ती केली, "येतो नाई, येते."

या ठिकाणी आम्ही 'मूल' हा शब्द योजला आहे आणि पुढेही योजणार आहोत. मराठी व्याकरणाने दिलेली ही एक सोय आहे. इंग्रजी बोलणारे मूल आपल्याविषयी दिवसभर बोलले तरी क्रियापदावरून ते मुलगा की मुलगी हे कळत नाही. मराठीत मात्र 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतून पहिल्याच वाक्यात ते उघड होते. म्हणून आपल्याकडे असे मूल घरात सर्वप्रथम पकडले जाते ते क्रियापदावर, कपड्यांवर नव्हे. गंमत अशी की कोल्हापूरकडे बायका सहज 'मी जातो' म्हणतात आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

आता आमच्या चुकीविषयी. त्याच भेटीत नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्याने केसपेपरवरील नाव पुकारले, समोर आखूड केसांचे व शर्ट-पँटमधले मूल पाहिले आणि मोठ्याने विचारले, "अरे, हा मुलगा का मुलगी?" रांगेतील माणसे हसली. पुढच्या तपासणीस ते मूल आले नाही. आई एकटीच अहवाल घेऊन आली. रुग्णालयाच्या दारातच रुग्ण परत फिरत असेल, तर आत कितीही यंत्रसामग्री असून उपयोग काय, हा प्रश्न त्या आठवड्याच्या बैठकीत आम्हांस स्वतःलाच विचारावा लागला.

विषयाची उकल करण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. पहिली, शरीराचे लिंग : गुणसूत्रे, जननेंद्रिये, संप्रेरके. दुसरी, लिंगभाव : आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत, की या दोहोंत न बसणारे आहोत, याची मनातील जाणीव. तिसरी, लैंगिक कल : आकर्षण कोणाविषयी वाटते. बहुसंख्य माणसांत या तिन्ही गोष्टी रूढ साच्याप्रमाणे जुळून येतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे लक्षातच येत नाही. शरीराचे लिंग व लिंगभाव यांचा मेळ बसत नाही, अशा व्यक्तीस पारलिंगी म्हणतात. जन्मतःच शरीराची रचना नेहमीपेक्षा वेगळी असणे ही आणखी निराळी बाब असून तिच्यासाठी आंतरलिंगी हा शब्द वापरला जातो. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा जांघेत गाठ लागली, तर तपासणी अवश्य करावी. तेथे प्रश्न शरीराचा असू शकतो. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे यांचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. रजेसाठी त्यांना २०१७ साली न्यायालयापर्यंत जावे लागले, २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ललित या नावाने ते पोलीस दलातच राहिले. पारलिंगी मुलांच्या बाबतीत मात्र शारीरिक तपासण्या बहुधा पूर्णपणे सामान्य येतात. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हे नाटकच" असा निष्कर्ष घरची मंडळी काढतात, तो चुकीचा आहे.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. आमचे काय चुकले? कोणाची नजर लागली का? इंजेक्शन देऊन बरे होईल का? लग्न करून दिले तर सुटेल का? यांपैकी पहिला प्रश्न विचारताना आई बहुधा वडिलांकडे पाहत नाही, कारण घरात दोष तिच्याच माथी मारला गेलेला असतो. आईने लाड केले, मुलगी हवी होती म्हणून फ्रॉक घातला, मुलाला बहिणींत वाढविले, असे नाना तर्क चालतात. पालकांच्या वागण्यामुळे लिंगभाव घडतो वा बिघडतो, याला शास्त्रीय आधार नाही. असे का होते याचे संपूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राजवळ आज नाही. परंतु कोणी शिकविल्याने होत नाही आणि मारल्याने जात नाही, इतके सांगता येते.

नजर लागल्याची शंका आली की पहिली फेरी जाणत्याकडे होते, आमच्याकडे दुसरी. अंगात काही शिरले आहे असे सांगून मुलाला उपाशी ठेवणे, मिरचीची धुरी देणे, मारहाण करणे हे प्रकार आजही कानावर येतात. अशा अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परंतु भगताला दोष देताना आम्ही डॉक्टर मंडळींनीही आपल्या घरात डोकावले पाहिजे. कित्येक वर्षे आमच्याच पाठ्यपुस्तकांत या माणसांना विकृत ठरविले जात होते आणि 'सुधारण्यासाठी' औषधे व विजेचे झटके दिले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढला. ही आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी अशा 'सुधारणा उपचारां'ना मनाई केली आणि २०२२ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ते वैद्यकीय गैरवर्तन ठरविले.

मद्रास येथील त्या निकालातील एक गोष्ट आम्हांस निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. प्रकरण मदुराईच्या दोन तरुणींचे होते. त्या घर सोडून एकत्र राहत होत्या आणि पालकांनी पोलिसांत तक्रार दिली होती. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निर्णय देण्यापूर्वी आपणांस या विषयाची पुरेशी समज नाही असे मान्य केले आणि स्वतः मानसशास्त्रज्ञांबरोबर बसून तो समजावून घेतला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ज्याचा संकोच वाटला नाही, तो आपल्यासारख्या शिक्षकांना, डॉक्टरांना व सासऱ्या-मामांना का वाटावा?

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर वैद्यकातील जुन्या चुका दुरुस्त करण्याची परंपरा येथे आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्य चाचणीचा अशास्त्रीयपणा अहवालाद्वारे दाखवून दिल्यानंतर २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. विषय वेगळा असला तरी पुस्तकात छापले आहे म्हणून ते शास्त्र होत नाही, हा धडा तोच आहे.

समाजाच्या दृष्टीविषयी लिहिताना आम्हांस नेहमी दत्तपूर आठवते. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली तेथे कुष्ठधामाचे काम सुरू केले, तेव्हा कुष्ठरुग्णाला गाव सोडावे लागत असे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली, ती हकिगत या जिल्ह्यातील प्रत्येक शाळकरी मुलाने ऐकलेली असते. तुलना जपून करावी लागते, कारण कुष्ठरोग हा आजार आहे आणि लिंगभावातील वेगळेपण हा आजार नाही. साम्य आहे ते शेजाऱ्यांच्या नजरेत. घरच्यांना खरी भीती मुलाच्या वागण्याची नसते, ती ओट्यावर बसलेल्या चार माणसांची असते.

आणि ही चार माणसे तरी किती सुसंगत असतात? नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व यांच्या स्त्रीभूमिका पाहण्यासाठी महाराष्ट्र लोटत असे आणि त्यांच्या नेसण्या-माळण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. आपल्या विदर्भातील खडीगंमतीत नाच्या पोऱ्या लुगडे नेसून उभा राहिला की गाव रात्रभर बसते. बृहन्नडा आणि शिखंडी आपल्या कथाकीर्तनांत आहेत, अर्धनारीनटेश्वर देव्हाऱ्यात आहे. रंगभूमीवरील सोंग आणि मनातील जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्ही जाणतो. तथापि जे मंचावर व पुराणात चालते, तेच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या चालण्या-बोलण्यात दिसले की 'बायल्या' म्हणून त्याला शाळा सोडायला लावायची, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' अशी नोंद करण्याची सोय झाली. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद त्यात झाली. त्यातील एक आकडा सहसा कोणी सांगत नाही : देशातील या नोंदींपैकी ५४,८५४ नोंदी शून्य ते सहा वयोगटातील बालकांच्या होत्या. एवढी लहान मुले प्रगणकाला स्वतः काही सांगत नाहीत. सांगितले ते घरातील वडीलधाऱ्यांनी. त्यात शरीररचना वेगळी असणारी बालके असतील, काही नोंदी चुकीच्याही असतील. पण हजारो घरांनी दारात आलेल्या सरकारी माणसापुढे ही गोष्ट लपविली नाही, असेही त्यातून दिसते.

शाळेचा विषय थोडक्यात आटोपता येण्यासारखा नाही, कारण बहुतेक मुलांचे नुकसान तेथेच होते. एनसीईआरटीने २०२१ साली पारलिंगी मुलांना शालेय शिक्षणात कसे सामावून घ्यावे याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. स्वच्छतागृह, गणवेश, चिडवाचिडवी अशा रोजच्या बाबींचा तीत विचार होता. आक्षेप येताच काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. वाद मोठ्यांचा होता. ज्या मुलाला मधल्या सुटीत लघवीला जायचे होते, त्याचा प्रश्न तसाच राहिला. मुलाला त्रास देणाऱ्या दहा मुलांपेक्षा पाठीमागून हसणारा एक शिक्षक अधिक नुकसान करतो, असा आमच्या समुपदेशकांचा अनुभव आहे. याउलट, मूल ऐकत असताना "माझ्या वर्गात हे चालणार नाही" एवढे एकदा खणखणीत म्हणणारे शिक्षकही आम्ही पाहिले आहेत.

घरातील वागणुकीचा परिणाम मोजण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत कॅटलिन रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. समलैंगिक व उभयलैंगिक अशा २२४ तरुणांच्या या पाहणीत, किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, फारसे न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट आढळले. पाहणी लैंगिक कलाविषयी होती, देशही वेगळा. म्हणून तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु ज्या घरातून मूल वर्धा जंक्शनवर येऊन मिळेल त्या गाडीत बसते, त्या घरात आदल्या रात्री काय बोलले गेले होते हे ऐकल्यावर त्या आकड्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

पालकांची एक शंका मात्र आम्ही रास्त मानतो. "हे वयच असं आहे, उद्या मन बदललं तर?" होय, बदलू शकते. लहानपणी मुलींच्या खेळांत रमणारा प्रत्येक मुलगा किंवा झाडावर चढणारी प्रत्येक मुलगी पारलिंगी नसते. पुष्कळ मुलांत हे वागणे वयात येताना आपोआप मागे पडते, काहींत ते ठाम होत जाते. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच घाईने शिक्का मारू नये आणि घाईने पुसूही नये. केस कापणे, कपडे, घरात हाक मारण्याचे नाव या गोष्टी उद्या परत फिरविता येतात. औषधे व शस्त्रक्रिया यांचे तसे नसते. वयात येणे लांबविणाऱ्या औषधांविषयी जगभर मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांनी २०२४ साली दिलेल्या अहवालात या उपचारांचा पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आणि प्रत्येक मुलाचा सर्वांगीण विचार करूनच पुढे जावे, असा सल्ला दिला. अन्य अनेक तज्ज्ञ व संघटनांचे मत निराळे आहे. आमच्या रुग्णालयात संप्रेरक उपचार वा अशा शस्त्रक्रिया होत नाहीत व सुरू करण्याचा विचारही नाही. ऐकून घेणे, नैराश्य किंवा अन्य आजार असल्यास त्यावर उपचार करणे, कुटुंबाशी बोलणे आणि गरज भासल्यास योग्य तज्ज्ञांकडे पाठविणे, हीच आमची मर्यादा आहे. दुकानातून परस्पर संप्रेरकांच्या गोळ्या घेणारी काही तरुण मुले आमच्याकडे आली. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की, रक्ताच्या गुठळ्यांसारखे धोके त्यात संभवतात, हे वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये.

लग्नाविषयी एवढेच सांगतो की, त्याने एका माणसाचे दुःख दोघांचे होते.

राहता राहिला पोटापाण्याचा प्रश्न, जो वडील शेवटी व हळू आवाजात विचारतात. टाळ्या वाजवून मागणे याखेरीज या मुलाला पुढे काय, अशी त्यांची धास्ती असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' निकालात स्वतःचा लिंगभाव ठरविण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. संसदेने २०१९ साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयी कायदा केला. केवळ पारलिंगी आहे म्हणून बालकाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आई-वडिलांपासून दूर करता येणार नाही, अशी तरतूद त्यात करण्यात आली. या विषयातील नियमांत फेरबदल होत असल्याने कोणताही अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चालू नियमांची चौकशी करावी. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढील सुनावणीनंतर पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय देण्यात आला. आणि कायद्याच्याही पुढे जाणारी गोष्ट सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात घडली : तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे ऊर्फ माऊली या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच निवडले. तेथील मतदारही शेतकरी व शेतमजूरच होते, पुण्या-मुंबईचे नव्हते. हे उदाहरण आम्ही आमच्या पालकांना मुद्दाम सांगतो.

आमच्या नोंदणी खिडकीवर आता नावाऐवजी क्रमांक पुकारला जातो. त्याचा फायदा इतरही अनेक रुग्णांना झाला. कर्मचारी, परिचारिका व सुरक्षारक्षक यांच्यासाठी या विषयावर बैठक घेण्यात आली. पहिल्या बैठकीत हसू आवरत नव्हते, दुसरीत प्रश्न आले. समुपदेशनाची सोय मानसोपचार विभागात निःशुल्क असून केसपेपरवर विभागाखेरीज काहीही लिहिले जात नाही. ज्यांना येथवर येणे शक्य नाही त्यांनी शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर, अथवा बालकांसाठी १०९८ वर दूरध्वनी करावा. मूल जीव देण्याविषयी बोलत असेल, तर त्यास धमकी समजू नये. त्याच दिवशी घेऊन यावे, तोवर त्याला एकटे सोडू नये आणि कीटकनाशकाच्या बाटल्या घरातून हलवाव्यात.

सुरुवातीस सांगितलेल्या मुलाकडे आता येतो. आमच्या वैद्यकीय समाजसेविका त्या गावी दोनदा जाऊन आल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी, फारशी चर्चा न करता, कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्या मुलाजवळ देण्याची व्यवस्था केली. गणवेशाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. वडील अजूनही बोलत नाहीत. मात्र बसस्टँडपर्यंत सोडायला येतात. मामाने आणलेले स्थळ आईने परीक्षेचे निमित्त सांगून लांबणीवर टाकले आहे. सहा महिन्यांत जंतुसंसर्ग पुन्हा झालेला नाही.

मागील भेटीत लघवीचा नमुना द्यायचा होता. मूल बाहेर बाकावर बसले होते. आई दारातून आत डोकावली आणि समाजसेविकांना म्हणाली, "ताई, लेकरू आज घरूनच पानी पिऊन आलं जी. डबी द्या."